स्टुडिओतला काळा कोट

बाबा, दुर्गच्या कोठडीतून तुम्ही सुटलात त्या संध्याकाळी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता आणि मी खोटं उत्तर दिलं होतं. त्याला साठ वर्षं होऊन गेली. आज खरं लिहायला बसलोय.

भिलाईचा पोलादाचा कारखाना तेव्हा नुकता उभा राहत होता. तुम्ही शेत काकांच्या हवाली करून भंडाऱ्याकडून आलात आणि तिथं खलाशी, म्हणजे जड सामान हलवणारे मजूर, झालात. गेटपासला फोटो लागायचा, म्हणून दुर्गच्या स्टुडिओत गेलो. तिथं खुंटीवर एकच काळा कोट आणि एकच काळी टोपी. खेड्यातून आलेला जो तो तेच अंगावर चढवून फोटो काढायचा. कोट घालून तुम्ही मला विचारलंत, "जावई दिसून राहिलो का रे?"

त्यानंतरच्या एका शनिवारी टाउनशिपच्या मैदानात पडदा बांधून इंग्रजी सिनेमा दाखवला. विलायती तुरुंगातली गंमत होती. एक भित्रा, सज्जन माणूस दिसायला हुबेहूब एका गुंडासारखा, आणि गुंडाऐवजी त्यालाच आत डांबतात. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. तुमच्या कानाशी मराठी करून सांगताना अर्धं मी मनाचंच घालत होतो. तुम्ही धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत हसत होता, मग मध्येच थांबलात. "पण याच्या घरच्यायनं कावून नाही सांगतलं, हा थो नोहे म्हणून?" मी म्हटलं, "बाबा, मग सिनेमाच संपला असता."

सोमवारी तुम्हाला गेटवर अडवलं. तांब्याची तार घेऊन पळालेल्या एका मजुराचा फोटो तिथं आला होता. शिपायानं तुमचा पास पाहिला, तर तोच कोट, तीच टोपी, तशाच मिशा. नाव वेगळं होतं, पण नाव बदलून दुसऱ्या ठेकेदाराकडे लागणं तेव्हा रोजचंच. निरोप मिळताच मी सायकल दामटत दुर्गच्या ठाण्यात पोचलो. हवालदारानं एक फोटो पुढे केला. "पहचानते हो?" मला वाटलं, हा तुमच्या पासवरचाच. ओळख पटवली की सुटाल. मी छाती काढून म्हणालो, "जी, मेरे पिताजी हैं।"

"चलो, लड़के ने ही मान लिया," असं म्हणत त्यानं ते लिहून घेतलं. फोटो त्या चोराचा होता हे मला तेव्हा कळलं. मी गयावया करू लागलो, तर तो म्हणतो, "अब क्या, बाप बदलोगे?"

मी बाकावर बसून आहे. शाळेतल्या कविता मला आजही चालीसकट पाठ आहेत, पण त्या दुपारी धीर यावा म्हणून आठवायला गेलो तर एकीचीही दुसरी ओळ सापडेना. चोरीचा डाग लागला की नोकरी गेली, आणि गावात तरी कोणत्या तोंडानं परतायचं. गजांआडून तुम्ही मलाच विचारताय, "जेवला का तू?"

भिलाईहून चारच्या गाडीनं माय आली. हाताला पीठ तसंच. तिनं फोटो उजेडात नेऊन पाहिला. "हे आमच्या घरचे नोहेत. हा डोळे उघडून पाहून राहिला. आमचे घरचे फोटोवाल्यापुढं देवापुढं बसल्यावानी डोळे मिटून बसतेत. त्याईचा पास काढा ना." मी त्याचं हिंदी करून सांगितलं, या वेळी मनाचं काही न घालता. पास निघाला. जांभळ्या शिक्क्याच्या कडेशी तुमचे डोळे घट्ट मिटलेले. शिपायानं फक्त कोट पाहिला होता, मीही तेवढाच. हवालदारानं दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाला, "सोया हुआ आदमी तार लेके कैसे भागेगा? छोड़ो इसको।" माझे पाय त्या क्षणी जे हलके झाले, ते आठवलं की अजून मोठा श्वास येतो.

स्टेशनाकडे चालताना तुम्ही विचारलंत, "थो फोटो माहाच म्हणून कोणं सांगतलं रे तिथं?"

मी म्हणालो, "गेटवरच्या शिपायानं."

मायला हवालदारानं सगळं सांगितलं होतं. ती पुढे बघून चालत राहिली आणि जन्मभर त्याबद्दल कधी बोलली नाही. तुम्ही मात्र निवृत्तीपर्यंत त्या शिपायाचा रामराम घेतला नाहीत. तो हात जोडायचा आणि तुम्ही सायकलची घंटी वाजवत निघून जायचात. अडवलं त्यानं, हे खरं. ओळख मी पटवली होती, बाबा.

लिहून झालं. छातीवरचं काहीतरी उतरलं. भिलाईजवळच्या कोहक्यातल्या या घरात आता दुपारचं कुणी नसतं. कागद घडी करून कवितांच्या वहीत ठेवतो. खरं सांगू? तुम्ही समोरच्या खाटेवर बसला असतात, तर हे मी लिहिलंच नसतं.