कायमचा पत्ता

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मामीने हौसेने काठी आणली आणि तुम्ही ती फक्त पडदे सरकवायला वापरता, असं तिच्या पत्रावरून कळलं. (काठीला स्वतःचा काही हेतू असतो का, यावर मी एकदा चोवीस पानं लिहिली होती. घाबरू नका, पाठवत नाही.)

इथल्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायच्या कायमच्या नोकरीच्या मुलाखतीचं काय झालं, असं तुम्ही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो. अठरा वर्षांत तीन देश नि तीन विषय, असं का, हे विचारणार हे ठाऊकच होतं. खरं उत्तर सोपं आहे. पहिल्या देशात 'काळ' घेतला, कारण शिष्यवृत्ती त्यालाच होती. दुसऱ्यात 'वचन', म्हणजे माणूस शब्द देतो ते, घेतलं, कारण काळाची एकुलती एक जागा दुसऱ्याने पटकावली होती. इथे प्राण्यांचं मन, आणि कुत्रा दिसला की मी रस्ता बदलतो हे तुम्ही जाणताच. पण असं खरं सांगितल्यावर नोकरी कोण देणार? म्हणून महिनाभर खपून तिन्ही विषय एका सूत्रात ओवले: वचन म्हणजे येणाऱ्या काळाशी स्वतःला बांधून घेणं, आणि प्राण्यांना नेमकं तेच जमत नाही. झालं!

समिती खूश. अध्यक्षबाई तर मान डोलवू लागल्या. तिथेच गप्प बसायचं ना! पण आमच्या धंद्यात समोरच्याने मान डोलवली की आपलं काहीतरी चुकलं असं वाटतं. मीच म्हणालो, "यावर एक आक्षेप आहे." दारात बसून धन्याची रोज वाट पाहणारा कुत्रा वचन पाळत नाही, तर काय करतो? समितीतल्या एका भल्या माणसाने माझी बाजू सावरायचा प्रयत्न केला, तर मी त्यालाही निरुत्तर केलं. चाळीस मिनिटांत माझं सूत्र, माझा अर्ज आणि माझी नोकरी मीच निकालात काढली. आपल्याच पायावर धोंडा म्हणतात तो हा. (इतका प्रामाणिक उमेदवार पाहिला नव्हता, असं नकाराच्या पत्रात बाईंनी आवर्जून लिहिलंय.) दोन दिवस फार वाईट वाटलं, मग हसू आलं.

मामीला नमस्कार. जिना जपून चढा.

तुमचा,
प्रश्नोबा (नाव तुम्हीच ठेवलेलं)

ता. क. वरची खोली शिवणवर्गाला द्यायचं चाललंय म्हणे. विचार चांगला आहे. फक्त इथलं माझं कंत्राट महिनाअखेर संपतंय.

आणखी ता. क. दिलीच असेल तर जिन्याखालची जागाही चालेल. शेजाऱ्यांनी कुत्रा पाळला असल्यास मात्र आधी कळवा.

शेवटचा ता. क. तिन्ही देशांतल्या प्रत्येक अर्जात 'कायमचा पत्ता' या रकान्यात मी तुमचाच पत्ता लिहीत आलोय. अठरा वर्षांत त्या एका उत्तरावर मला आक्षेप सुचलेला नाही.