मचाणावरची फिल्टर कॉफी

७ मे २००६, रविवार

बाबा म्हणजे कहर आहेत! इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कथास्पर्धेला मी शिकारीची कथा लिहितेय — राणोजी शिकारी मचाणावर, खाली बोकड बांधलेला, नरभक्षक वाघाची वाट. पहिली दोन पानं वाचून दाखवली. बाबा मध्येच, "राणोजी मचाणावर फिल्टर कॉफी पितो? वाघाला वास नाही येणार?" आणि पोट धरून हसत सुटले. माझा सगळा जन्म चेन्नईत गेल्यावर माझा राणोजी दुसरं काय पिणार!

मग म्हणाले, "वाघ लगेच दाखवू नकोस. आधी बोकडाचं ओरडणं थांबव. तो आला हे कळायला हवं, दिसायला नको." ऐका! हे कोण सांगतंय? दर सिनेमात मध्यंतरालाच खुनी कोण ते सांगून टाकणारा माणूस!

९ मे

बाबांच्या बँकेत प्रमोशनच्या यादीची कुजबुज आहे. प्रमोशन म्हणजे बदली. आणि माझी बारावी डोक्यावर! विद्यालक्ष्मीसारखी मैत्रीण सोडून नवं गाव, नवं कॉलेज? देवा, बदली नको. बाकी काही मागत नाही.

१२ मे

विद्यालक्ष्मीला कथा सांगितली, अर्धी तमिळमध्ये, अर्धी इंग्लिशमध्ये. शांतपणे म्हणाली, "सस्पेन्स एंगे, डी?" सस्पेन्स कुठंय म्हणे! वाघ येणार, ढिश्क्यांव, मेला — हे कुणालाही कळतं. शहाणीच आहे! पण खरंय तिचं. आता वाघ मरतो की राणोजी, हे मलाच ठरवता येईना.

१३ मे

बदलीचं विचारलं. "यादी कुठं आलीय अजून? तुझा वाघ आला का ते सांग!" विषय बदलण्यात बाबा पटाईत.

१६ मे

'कडाक्याची थंडी पडली होती' असं लिहिलं. पंखा फुल, वही घामानं ओली. आई म्हणाली, "चेन्नईच्या डिसेंबरात स्वेटर चढवणारी तू, तुला कसली थंडी ठाऊक!"

रात्री जेवताना बाबा अचानक म्हणाले, "शिकारीची गोष्ट वाघाची नसतेच गं. मचाणावर बसलेल्याची असते. काय येणार ते त्याला ठाऊक असतं, पण हूं की चूं करता येत नाही."

मी म्हटलं, तुम्ही नका सांगू, पाल दिसली तरी आईला हाक मारता! हसलेच नाहीत. एवढा छान टोमणा फुकट गेला.

१९ मे

कथा दिली एकदाची! वाघ शेवटपर्यंत दाखवला नाही. बाबा म्हणाले, "शाबास!"

२१ मे

बदली झाली. गुवाहाटीला. फक्त बाबांची. माझी बारावी होईपर्यंत आई आणि मी इथंच.

आईनं सांगितलं — एप्रिलपासून माहीत होतं त्यांना. एकटं जायचं त्यांनीच ठरवलं. "कथा पुरी होऊ दे, मग सांगू तिला," म्हणाले होते.

मागितलं तेच मिळालं मला. सकाळपासून रडतेय. बाबांना साधा भातही लावता येत नाही!