ॲप्रनच्या खिशातलं पिस्तूल

डोव्हर फोर्क, वायोमिंग
३ मार्च २०१४

ती. डेलदादास,
धाकट्या व्हेल्डाचा सा. न. वि. वि.

फोनवर ओरडून माझा घसा बसतो आणि तुला तरी अर्धंच ऐकू येतं, म्हणून पत्रच बरं. चाळीस वर्षं लोकांच्या बंदुका दुरुस्त करता करता कान घालवलेस, आता डोळे तरी सांभाळ. इकडे बर्फ वितळतंय, माझी व्हॅन रोज कुठे ना कुठे चिखलात रुतते. पण घराबाहेर पडता न येणाऱ्या म्हाताऱ्यांचे केस काही वाढायचे थांबत नाहीत, त्यामुळे मलाही दारोदार कात्री घेऊन हिंडायचं थांबता येत नाही.

आता जरा बसून वाच. मी पिस्तूल घेतलंय. हार्डवेअरच्या दुकानात लॉइड जुन्या बंदुकांचं कपाट ठेवतो, त्यातलं. खिशात मावणारं, थ्री-एटी मापाच्या गोळीचं, मॅगझिनमध्ये सहा मावतात. तुझं पहिलं बोलणं मला पाठ आहे, की जुनं पिस्तूल म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी. म्हणून तू बघशील तसंच बघितलं. तोंडाशी काळा रंग उडालाय, म्हणजे बरीच वर्षं कुणाच्या तरी खिशात आत-बाहेर झालंय. पण स्क्रूची डोकी कोरी आहेत, कुणी अडाण्यानं उघडलेलं नाही. नळीत बॅटरी मारून पाहिलं, स्वच्छ. मुठीची एक कड कुणीतरी कानशीनं हलकेच घासलीय, आणि ती नेमकी माझ्या करंगळीला बरी पडते. ट्रिगर लांब आणि जड आहे. लॉइड म्हणाला की खिशात ठेवायचं तर हीच चांगली गोष्ट. नेम धरायचं टोक मात्र मोहरीएवढं, चष्म्याशिवाय दिसत नाही. वजन मोठ्या बटाट्याइतकं. हातात धरलं आणि वाटलं, हे मला जमेल.

कारण विचारशीलच. माझ्या गिऱ्हाइकांत ओपल स्टॅनफिल म्हणून एक आजी आहेत, वय चौऱ्याऐंशी, मणक्याच्या दुखण्यानं बेजार. त्यांचा मुलगा ड्वेन त्यांच्या वेदनेच्या गोळ्या स्वतःच खात होता. आई रात्रंदिवस कण्हायची आणि बाटली रिकामी. मी ते तालुक्याच्या नर्सला सांगितलं. तिनं गोळ्या कुलपाच्या पेटीत ठेवायची सोय केली आणि चावी स्वतःकडे घेतली. त्यावर ड्वेननं फाटकात ट्रक आडवा घालून माझी व्हॅन अडवली आणि म्हणाला की पुढच्या वेळी तू इथून बाहेर जाणार नाहीस. शेरीफला कळवलंय, पण त्याचा माणूस चाळीस मैलांवर असतो. ओपलकडे जाणं मी सोडणार नाही, आणि रिकाम्या हातानंही जाणार नाही.

रागावायचं असेल तर रागाव, पण उत्तर धाड. आधी रागाव, मग लोभ कर.
तुझी,
व्हेल्डा


पाइन होलो, मिसूरी
११ मार्च २०१४

चि. व्हेल्डास,
दादाचे अ. आ.

पत्र मिळालं. गुडघा सोडून माझी तब्येत बरी आहे.

तू नीट बघून घेतलंस हे कबूल, आणि एवढंच कबूल. आधी सगळं सुटं करून पूस, तेल अगदी थेंबभर. आतली मोठी स्प्रिंग जुनी झालेली असणार. नवी मिळेपर्यंत त्याच्यावर विसंबायचं नाही. शंभर गोळ्या एकही न अडकता सुटल्या तर ते पिस्तूल, नाहीतर कागद दाबायचं वजन. मूठ घट्ट धर. लहान पिस्तूल ढिल्या मनगटात हमखास अडकतं.

मी स्वतः खिशात काही ठेवत नाही. बरीच वर्षं झाली. का, ते विचारू नकोस. लोकांना विकलं, दुरुस्त करून दिलं, शिकवलंही, पण तू ते घ्यावंस असं मला वाटत नव्हतं. घेतलंसच आहेस, तर अर्धवट शिकू नकोस.

त्या ड्वेनचं सविस्तर लिही. प्यायलेला असतो की शुद्धीवर, एकटा असतो की बरोबर कुणी असतं. घराला दारं किती आहेत तेही लिही.

माया आहेच, लिहिता येत नाही इतकंच.
तुझा,
डेल्बर्ट


डोव्हर फोर्क
२४ मार्च २०१४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दारं दोन. पुढचं फाटकाकडे, मागचं स्वयंपाकघरातून अंगणात. ड्वेन असतो एकटाच, पण शुद्धीवर कधी असतो ते त्यालाच ठाऊक. सध्या तो कॅस्परला कुठे तरी कामाला गेलाय. ओपल म्हणतात की गेला ते बरं, आणि लगेच विचारतात की तिकडे जेवत असेल ना.

रविवारी चर्च सुटल्यावर खडीच्या खाणीत गेले. कागदाच्या ताटल्या लावल्या, सात पावलांवर. पहिली गोळी सुटली आणि अंगठ्याच्या बेचक्यात असा चटका बसला की आईच्या फणीचा मार आठवला. आकारानं एवढंसं, पण तोंड केवढं. पहिल्या सहापैकी चार ताटलीत, दोन उरलेल्या वायोमिंगमध्ये. तिसऱ्या मॅगझिनपासून सहाच्या सहा ताटलीत. हसू नकोस, अठ्ठावन्नाव्या वर्षी हे काही कमी नाही. तू मला बाराव्या वर्षी शिकवायला नाही म्हणाला होतास. मुलींचा हात हलका असतो म्हणे.

पण अडकलं. दोनदा रिकामं काडतूस बाहेर न पडता वरच्या सरकत्या स्लाइडमध्ये उभंच राहिलं. मनगट घट्ट होतं, शपथेवर सांगते. घरी येऊन उघडलं तर आत बारीक पांढरी लव, तेलात चिकटून तिचा लगदा झालेला. मला वाटलं कसली बुरशी. मग डोक्यात प्रकाश पडला. पंधरा दिवस ते माझ्या ॲप्रनच्या खिशात होतं, कंगव्याबरोबर. दादा, ते केस होते. अख्ख्या तालुक्यातल्या म्हाताऱ्यांचे.

आता पोट धरून हस, आणि उपाय कळव.
लोभाची अपेक्षा ठेवून,
व्हेल्डा


पाइन होलो
२ एप्रिल २०१४

चि. व्हेल्डास,
अ. आ.

हसलो नाही. कंगवा आणि भरलेलं पिस्तूल एकाच खिशात. कंगव्याचा दात ट्रिगरच्या कडीत शिरला असता तर तुझी मांडी गेली असती. ज्या खिशात पिस्तूल, त्या खिशात दुसरं काहीही नाही. रुमालही नाही, चिल्लरही नाही.

सोबत स्प्रिंग पाठवतोय. आणि एक चामड्याचं होल्स्टर. तू कागदावर आकार काढून पाठवला नाहीस, तरी वर्णनावरून ओळखलं, ते मॉडेल मी शेकड्यानं पाहिलंय. हात थरथरतात म्हणून शिवण वाकडी आलीय, पण ट्रिगर पूर्ण झाकला जातो आणि केस आत जाणार नाहीत. ॲप्रनचा उजवा खिसा जाड कापडाचा करून घे.

आणखी एक. खिशात हे आहे म्हणून कुठल्याही घरात एक पाऊलसुद्धा जास्त टाकायचं नाही. आधी पाय, मग तोंड, मग फोन. हे सगळ्यात शेवटी. माझ्या गिऱ्हाइकांना मी हेच सांगायचो. ते मान हलवायचे आणि लगेच विचारायचे की चांदीची मूठ बसवून मिळेल का.

बाराव्या वर्षाचं खरं आहे. तेव्हा मी गाढव होतो.
माया आहे ती धरून राहा.
डेल्बर्ट


डोव्हर फोर्क
२० एप्रिल २०१४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू स्वतःला गाढव म्हटलंस ते वाक्य कापून फ्रिजवर लावलंय.

शंभर झाल्या. एकशेवीस, खरं तर. एकही अडकली नाही. स्प्रिंग बसवताना ती एकदा उडून चुलीमागे गेली आणि मी अर्धा तास जमिनीवर पालथी, पण बसली. होल्स्टर खिशात असं बसतं की पाकीटच वाटावं. हात खिशात घातला की अंगठा आपोआप जागेवर जातो. आता तर विसरायलाही होतं की ते आहे. ओपलकडे गेले, दोन्ही दारं पाहून ठेवली, व्हॅन अंगणात मागच्या दाराशी तोंड रस्त्याकडे करून लावली. आता मला भीती वाटत नाही, दादा. पाठ ताठ करून चालते.

ड्वेन परत आलाय असं ऐकलं. मी मंगळवारचा दिवस बदललेला नाही.

आज ईस्टरचं हॅम केलं, तुझी आठवण काढत एकटीनं खाल्लं. जूनमध्ये येशील का? तुझ्या मानेवरचे केस कोण कापतं हल्ली?
प्रेम आहे ते आटू देऊ नकोस.
व्हेल्डा


डोव्हर फोर्क
३० एप्रिल २०१४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. मी सुखरूप आहे, हे आधी.

काल मंगळवार. सकाळी दहाला ओपलना स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, केस ओले केले, आरसा त्यांच्या हातात दिला. उजवी बाजू कापून झाली आणि ड्वेन पुढच्या दारानं आत आला, हातात टायर खोलायची लोखंडी सळई. आमच्याकडे न बघता त्यानं गोळ्यांची पेटी ओट्यावर घेतली आणि तिच्यावर घाव घालायला लागला. पेटी चेपली, पण उघडेना. मग वळून आईला म्हणाला की चावी काढ. त्या म्हणाल्या की चावी नर्सकडे आहे, मागच्या महिन्यातच सांगितलंय. तो म्हणाला की खोटं बोलतेस. मग मला म्हणाला की सगळं तुझ्यामुळे झालं, आणि सळई घेऊन दोन पावलं पुढे आला.

माझा हात खिशात होता. मी त्याला सांगितलं की माझ्याकडेही चावी नाही, हवं तर झडती घे. ओपल त्याच वेळी म्हणाल्या की डोकं ओलं आहे, इथे गारठा वाटतोय, उन्हात व्हॅनमध्ये जाऊन बसते, तुझं होऊ दे. जणू तो पिठाचा डबा उघडत होता. त्या माझ्या आधारानं उठल्या आणि आम्ही मागच्या दारानं बाहेर पडलो. मागून पुन्हा घाव ऐकू यायला लागले. मी व्हॅन सुरू केली आणि मैलभर गेल्यावर शेरीफला फोन लावला.

दुपारपर्यंत त्यांनी त्याला धरला. जबाब द्यायला आम्ही शेरीफच्या कचेरीत गेलो, पिस्तूल गाडीतल्या पेटीत कुलूप लावून ठेवलं. ओपल अर्ध्या कापलेल्या डोक्यानं बाकावर बसून होत्या. म्हणाल्या की हिला डावी बाजू करू दे, नाहीतर मी एक अक्षर सांगणार नाही. तिथल्या बाईनं खाली वर्तमानपत्र अंथरलं. आता त्या शेरिडनला भाचीकडे आहेत.

आधी पाय, मग तोंड, मग फोन. तू म्हणालास तसंच केलं.
काळजी करू नकोस, लोभ कर.
व्हेल्डा


पाइन होलो
७ मे २०१४

चि. व्हेल्डास,
अ. आ.

पत्र तीनदा वाचलं. शेजारच्यालाही वाचून दाखवणार होतो, पण नको वाटलं.

विचारू नकोस म्हटलं होतं, ते आता न विचारता सांगतो. नऊ वर्षांमागची गोष्ट, संध्याकाळची. पेट्रोल भरून निघत होतो. कानाला तेव्हाच कमी ऐकू यायचं. मागून कुणीतरी धावत येतंय एवढंच कळलं. वळलो तो पिस्तूल हातात आणि एका माणसाच्या छातीवर. कामावरून घरी निघालेला, हातात जेवणाचा डबा. दुसऱ्या हातात माझ्या टाकीचं झाकण. पंपावर मी ते विसरलो होतो. तो केव्हापासून हाका मारत होता म्हणे. त्यानं झाकण जमिनीवर ठेवलं आणि पाठ न वळवता तसाच मागे मागे गेला. ट्रिगर अर्ध्यावर आला होता. किती यावा लागतो ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार.

तुझी मेरीवहिनी गेली त्याच्या आधीच्या वर्षीचं हे. तिलाही सांगितलं नाही. दुकान बंद केलं तेव्हा सगळ्यांना म्हटलं की हात थरथरतात.

म्हणून तू हात खिशातच ठेवलास हे वाचून मला काय वाटलं असेल ते समज. मला जमलं नाही ते तुला जमलं.
तुझा,
डेल्बर्ट


डोव्हर फोर्क
१६ मे २०१४

प्रिय दादास,
तुझ्या बहिणीचा नमस्कार.

तुझं पत्र व्हॅनमध्ये बसून वाचलं आणि त्या दिवशीची पुढची दोन घरं रद्द केली.

हात खिशातच ठेवला असं मी कुठे लिहिलंय? हात खिशात होता, एवढंच लिहिलं. पुढचं गाळलं. तो दोन पावलं पुढे आला तेव्हा पिस्तूल होल्स्टरमधून निघालं होतं, खिशाच्या वर अर्धं आलं होतं. तो पाच पावलांवर होता आणि मी चुकले नसते. मला शांत वाटत होतं, दादा. हेच लिहायची हिंमत झाली नाही. मी जराही घाबरले नव्हते आणि तो आता एक पाऊल पुढे टाकतो का, याची वाट बघत होते.

ओपलच्या हातात आरसा होता. त्यांना त्यात माझा हात दिसला. त्यांनी आरसा मांडीवर पालथा घातला, मागे न बघता माझ्या मनगटावर हात ठेवला आणि खाली दाबला. मग ते ओल्या डोक्याचं बोलल्या. मला वाटलं होतं, मी त्यांना बाहेर नेतेय. त्यांच्या पोटचा मुलगा होता तो. त्यांनी आम्हा तिघांनाही त्यातून बाहेर काढलं.

काल शेरिडनला जाऊन त्यांचे केस सारखे करून आले. त्यांनी तो विषय काढला नाही, मीही नाही. निघताना माझा हात जरा जास्त वेळ धरला आणि म्हणाल्या की पुढच्या खेपेला कपाळावरचे अजून आखूड कर.

पिस्तूल मी ठेवणार आहे. आता त्याच्याबद्दल मला सगळं माहीत आहे, आणि माझ्याबद्दलही बरंच. तू जूनमध्ये ये. खडीच्या खाणीत जायचं नाही, नुसतं अंगणात बसू. त्या माणसाचा चेहरा कसा होता ते मला सांग. मेरीवहिनीला सांगायचं राहिलं, तर मला सांग. मी डावीकडच्या कानाशी बसेन, त्यातून तुला थोडं ऐकू येतं.

लोभ कमी होईल असं काही दोघांनीही केलेलं नाही.
तुझीच,
व्हेल्डा