खिशातली काडेपेटी

संगमनेर, जानेवारी १९७२, मंगळवार

आज दत्तूनं मला काडेपेटी दिली आणि सगळंच बिघडलं. दत्तू म्हणजे वसतिगृहात समोरच्या खोलीत राहणारा, सोनईचा. इथं माझ्याशी बोलणारा तेवढाच. बोलणारा म्हणजे काय, संध्याकाळी जेवण झालं की गच्चीवर मी त्याच्याकडे काडी मागतो, तो ओंजळीत पेटवून धरतो आणि सिगारेट संपेपर्यंत आम्ही बोलतो. माझ्या खिशात काडेपेटी असतेच. पण ती काढली तर मागायचं काय?

माझं गाव तिसगाव सोडून इथं शिकायला आल्यापासून हेच चाललंय. मला व्यसन नाही, मी सोबतीसाठी ओढतो, असं रोज स्वतःला बजावतो.

आज तो म्हणाला, "लेका, तुझ्याकडं काडी कधीच नसती. ही आख्खी पेटीच घे. मी सोडली बघ, छातीत लई दुखतंय." आणि अभ्यासाला निघूनही गेला.

खिशात दोन काडेपेट्या घेऊन खोलीत आलो. दार लावलं. आता ओढायला काही कारणच नव्हतं. तरी ओढली. खोकला आला, तरी ओढली. ती संपायच्या आत थोटकावरच दुसरी पेटवली. काडी लागलीच नाही.