सीलबंद खोक्यातलं कुंकू

४ नोव्हेंबर, शेंदूरजनाघाट

झालं ते असं.

१. सप्टेंबरमध्ये नकाशांचं काम मिळालं. कागदावरचे गावनकाशे स्कॅन होऊन येतात, ते घरी संगणकावर गिरवून परत पाठवायचे. अट एकच, घरी स्वतःचं मशीन हवं. चाचणीचे चार नकाशे २५ नोव्हेंबरच्या आत.
२. मी डेस्कटॉप निवडला. नवा. लॅपटॉप बाद, दुसऱ्याने वापरलेलं बाद.
३. मशीन अकोल्याहून, मावसाजींच्या दुकानातून आलं. पाडव्याला. सीलबंद खोक्यात.
४. आईने पूजा केली. कुंकू झाकणावर, उजव्या कोपऱ्यात.
५. आठव्या दिवसापासून मशीन आपोआप बंद पडतं. दर चाळीस मिनिटांनी.
६. आज झाकण काढलं.
७. आत कुंकू आहे.

आईचं नाही. आईचं बाहेर आहे, अजून ओलसर तेलकट. हे पंख्याच्या जाळीमागे. ब्रशने एका कोपऱ्यातला एकेक थर काढून पाहिला. वर धूळ. खाली कुंकू. त्याखाली पुन्हा धूळ, आणि तिच्याखाली पुन्हा कुंकू, काळं पडलेलं. मदरबोर्डच्या स्क्रूपाशी एक अक्षता. झेंडूची पाकळी, वाळून कागद झालेली.

म्हणजे दोन खंडेनवम्या. कुठल्यातरी ऑफिसात कुणीतरी दोन वर्षं या मशीनला भक्तिभावाने हळदकुंकू उधळलं. नंतर बाहेरून कुणीतरी ओल्या फडक्याने पुसलं. आतून पुसायचं राहिलं.

हात तीनदा धुतले. तरी बोटांना वास आहे.


५ नोव्हेंबर

हार्डडिस्क स्वतः किती तास चालली ते मोजत असते. पाहिलं. पाच हजार एकशे चाळीस तास. रोज आठ तास धरले तर ऑफिसची दोन वर्षं. कुंकवाच्या थरांशी जुळतं. आमच्याकडे येऊन नऊ दिवस झाले, त्यातही लाइट निम्मा वेळ नाही.

मावसाजींना (पुढे मा.) हा आकडा निघतो हे माहीत नसावं. किंवा माहीत असेल, पण ही पोरगी पाहणार नाही असं वाटलं असेल.

आईला दाखवलं. आई म्हणाली, "तूच खोलताना पाडलं असन."
"थर आहेत आई. धुळीच्या खाली आहे."
"धूळ तं आपल्या घरात पाह्य ना किती हाय."

बाबा उठले. मागच्या अंगणात जाऊन लाकडं रचत बसले. संत्र्याची. वाळलेली बाग गेल्या उन्हाळ्यात तोडली, तेव्हापासून काही बोलायचं नसलं की ते लाकडं रचतात. रचलेलीच पुन्हा रचतात.


६ नोव्हेंबर

एक गोष्ट लिहायची राहिली, मुद्दाम राहिली.

अकोल्याला दुकानात गेले तेव्हा पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर होता. डेमोचं म्हणून एक मशीन टेबलावर होतं. मी स्क्रूड्रायव्हर काढला. आईने माझा हात दाबला. हळूच, हसत. "आपल्याच माणसाचं खोलून पाह्यतेत काय वं?" मावशी चहा घेऊन उभी. मी स्क्रूड्रायव्हर परत ठेवला. चहा घेतला. साखर जास्त होती.

आमच्यात अनोळखी दुकानदाराचा माल चिंध्या होईपर्यंत तपासतात. नातेवाइकाचं खोकं उघडत नाहीत.


७ नोव्हेंबर, अमरावती

आठवड्यातले तीन दिवस इथे क्लासला शिकवते, तेव्हा यास्मिन सोबत असते. तिच्या चाचांचं जुन्या लॅपटॉपचं दुकान आहे. ऑफिसांनी काढलेले घेतात, दुरुस्त करतात, विकतात. प्रत्येकावर कागद चिकटवलेला. 'जुना. बॅटरी नवी, अडीच तास. बिजागरी सैल.' सप्टेंबरमध्ये ती मला तिथे घेऊन गेली होती. मी कीबोर्डकडे पाहून म्हणाले होते, कुणाच्या बोटांचा मळ मला नको.

यास्मिन विसरलेली नाही. आज सगळं ऐकून आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "अब तेरे घर में किसकी उंगलियों का मैल है, नीलू?"

डबा अर्धा टाकला.


९ नोव्हेंबर

शेजारच्या सुनंदाकाकूंनी लेकीसाठी, पूजासाठी, मा.कडूनच मशीन घेतलंय. पूजाला टायपिंगची परीक्षा द्यायचीय. काकू अंगणवाडीत आहेत, घरात मिळवणाऱ्या त्या एकट्याच. घेताना म्हणाल्या होत्या, "नीलू पाहून आली ना, मंग मले काय पाहाचं हाय."

आज बोलावलं. "आवाज करून राह्यलं वं, जरा पाह्य."

उघडलं. तेच. कुंकू, धूळ, कुंकू. शिवाय आतल्या पत्र्यावर ऑफिसच्या नंबराची चिठ्ठी खरवडल्याची खूण.

काकू मागे चहा घेऊन उभ्या. "चांगलं हाय ना?"

मी म्हणाले, "धूळ आहे. साफ करून देते."

आणि साफ केलं. सगळं. अक्षतासुद्धा वेचली.

घरी येऊन आरशात पाहिलं नाही.


१२ नोव्हेंबर

मा. आले. संत्र्याची बर्फी घेऊन. बाबांनी फोन केला असणार.

"नवंच हाय बेटा. खोकं नवं, सील नवं, माउस नवा."
"मशीन?"
"मशीन कंपनीनं तपासून भरलेलं. चालते ना?"
"चाळीस मिनिटं चालते."
"मंग पंखा बदलून देतो, त्यात काय येवढं!"
"बिलावर 'नवीन' काहून लिहिलं?"

मी वऱ्हाडीत बोलले की बाबा दचकतात. आजही दचकले.

मा. हसले. "तूच म्हणे, मले कोनाचं वापरलेलं नाई पायजे. मंग तुले काय देऊ? नवं नवं तुह्या बाबाले झेपलं असतं काय? मी मधला रस्ता काढला. अन् कुंकू लागलेलं मशीन घरात आलं, शुभच झालं ना."

आई हसली. खरंच हसली. बर्फीची बशी माझ्याकडे सरकवली. मशीनमधल्या कुंकवाच्या धुळीसारखा रंग होता बर्फीचा. खाल्ली नाही.

जाताना चपला घालता घालता मा. म्हणाले, कौतुकाने म्हणाले, "तुह्या नावावर चार घरी मशीन गेले बरं. लोक इचारतेत, मी म्हंतो आमच्या इंजिनेर पोरीनं पास केलं."

चार घरी. पास केलं.

इतकी किळस कुंकू पाहूनही आली नव्हती.


१४ नोव्हेंबर

काकूंकडे गेले. सगळं सांगितलं, क्रमाने. मशीन जुनं आहे. मी दुकानात उघडून पाहिलं नव्हतं. तुमचं नऊ तारखेला उघडलं तेव्हा कळलं.

काकू ओट्याजवळ उभ्या होत्या. पूजा आत टायपिंग करत होती, तो आवाज येत होता. मग काकू म्हणाल्या,

"मंग त्या दिवशी तू साफ काहून केलं वं?"




१५ नोव्हेंबर

पंखा स्वतः बदलला, प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट नवी लावली. बंद पडणं थांबलं. मग दुपारी लाइट गेली, दोन तासांचं काम गेलं. संध्याकाळी पुन्हा गेली.

निवड मुळातच चुकली होती. आठ-आठ तास लाइट नसलेल्या गावात मी डेस्कटॉप घेतला, कारण पडदा मोठा आणि खोलून दुरुस्त करता येतो. आणि तो खोलला नाही. चाचांचा सैल बिजागरीचा लॅपटॉप अडीच तास चालला असता. त्यावर निदान खरं लिहिलेलं होतं.

नकाशे: चारपैकी एक पूर्ण. दहा दिवस. हे काम गेलं तर नोकरीसाठी पुण्याला खोली करून राहायचं, नाहीतर आई ज्या स्थळांची नावं काढते तिकडे पाहायचं. तिसरं काही नाही.


१६ नोव्हेंबर

बाबा म्हणाले, "सोड ना आता. तुह्यी मावशी हाय तिकडं. येनंजानं बंद होईन."
"त्या चार घरांचं?"
"ते त्याहिचं ते पाहतीन."
"ते पाहणार नाहीत. त्यांनी माझ्यावर सोडलंय."

चिठ्ठी लिहिली. 'तीर्थरूप' लिहिताना पेन थांबला. तरी लिहिलं, ते वयाचं आहे. बाबा उद्या अकोल्याला जातायत. त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाचली, चार घड्या घातल्या, खिशात ठेवली. मग मागे गेले. लाकडांचा आवाज येतोय.

पोचवतील की नाही, माहीत नाही. म्हणून नक्कल इथे.

तीर्थरूप मावसाजी यांना नमस्कार.
आमच्याकडचं आणि सुनंदाकाकूंकडचं मशीन वापरलेलं आहे. पुरावा दोन्हींत आहे: काकूंच्यात खरवडलेल्या चिठ्ठीची खूण, आमच्यात कुंकू, ते मी पुसलेलं नाही. तुम्ही माझं नाव सांगून, काकूंचं धरून, अशी चार मशीनं दिलीत. मी एकही पास केलेलं नाही.
१. चारही घरांना मशीन जुनं असल्याचं तुमच्या सहीने लिहून द्यावं. ज्याला परत करायचं असेल त्याचं परत घ्यावं.
२. आमचं परत न्यावं. मी जुना लॅपटॉप घेणार आहे, दुसरीकडून, जुना म्हणूनच.
३. माझं नाव यापुढे दुकानात घेऊ नये.
हे झालं नाही तर वीस तारखेला मी चारही घरी जाऊन झाकण काढून दाखवीन. त्याआधी आमच्या घरी, आईसमोर.
मावशीला नमस्कार. उत्तर १९ नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंत लेखी कळवावं.
नीलिमा