कपडे वाळत घालायची दोरी

तीर्थरूप आईस, इथूनच पाया पडतो.

मी मजेत आहे, जेवणाची आबाळ नाही. पर्यटकांच्या कमरेला दोर बांधून त्यांना कडा चढवायचा, एवढंच काम. तुझा गुडघा कसा आहे?

परवा एक पाहुणा घसरला. लाल दोराने त्याला झेललं, खरचटलंसुद्धा नाही. असा हिसका बसलेला दोर आतून कमजोर होतो, म्हणून पुन्हा वापरत नाहीत, कापून टाकतात. मालक म्हणाले, "मी कापतो, तू जेवून घे." मग त्यातलाच तुकडा म्हणून मला कपडे वाळत घालायला दिला.

तो तुकडा निळा आहे.

विचारलं, तर मालकांनी हसून चहा पाजला. खुंटीवरचे लाल दोर मला सगळे सारखेच दिसतात.

धाकटीला सुट्टीत इकडे पाठवू नकोस. थंडी फार आहे, एवढंच सांग.

तुझा,
थोरला