बाबांच्या छातीतला गरबा

तरसाली, बडोदे

ती. वसुंधराआत्यास,

अवंतीचा नमस्कार. नवी कवळी बसली का? (जेवताना काढून ठेवतेस असं कळलं. मग ती कशासाठी?) फोनवर तू रडतेस, म्हणून पत्र लिहिते आहे. आम्ही बरे आहोत. बाबांना बसवलेली फुप्फुसंही उत्तम. बिघाड निघाला तो त्यांच्या स्वतःच्या हृदयात.

नवरात्रात त्यांची छाती धडधडू लागली. दोष त्यांनी सोसायटीतल्या ढोलाला दिला. खिडक्या लावल्या, पलंग मागच्या खोलीत हलवला (हलवला मी, ते सूचना देत होते) आणि शेजारच्या निरुपमाबेनना निरोप धाडला की ढोल जरा हळू वाजवा. त्या दारातूनच ओरडल्या, "काका, ढोल तो क्यारनो बंद थई गयो!" (ढोल केव्हाच थांबला होता.) मी बाबांचं मनगट धरून पाहिलं. गरबा निदान तालात असतो. हे तालात नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, नव्या फुप्फुसांच्या शिरा हृदयाच्या डाव्या कप्प्याला जिथे शिवल्या आहेत, त्या शिवणीजवळून भलतेच विद्युत संकेत निघताहेत. औषधांनी भागलं नाही. आता जांघेतून बारीक तार नेऊन तेवढ्याच जागी डाग द्यायचा. हे ऐकताच बाबांमधला रिफायनरीचा निवृत्त फोरमन जागा झाला. "चालू लाइनीच्या जोडाजवळ हॉट वर्क? आधी लाइन रिकामी करा!" (हॉट वर्क म्हणजे वेल्डिंगसारखं आगीचं काम.) ही लाइन रिकामी करता येत नाही, असं डॉक्टरांनी फार शांतपणे सांगितलं. बाबा टोपी घालून घरी आले.

घरी म्हणाले, "अवू, कुणाच्या तरी घरच्यांनी दुःखात ही फुप्फुसं दिली. माझ्या हृदयाच्या खोडीनं ती वाया गेली तर?" मी इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनिअर. बिघाड संकेतात आहे, फुप्फुसांत नाही, एवढंच सांगितलं आणि मेथी निवडायला बसले. (आधीच निवडलेली होती.)

शुक्रवारी दाखल व्हायचं आहे. ते नुसतं "बघू" म्हणतात. मला भीती वगैरे वाटत नाही.

तुझी,
अवंती

ता. क. तुझा धाकटा भाऊ फक्त तुलाच घाबरतो. गुरुवारपर्यंत ये आणि त्याला दटाव.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात बाबांनी होकार दिला. बॅगही भरली. त्यामुळे दटावायला कुणी नको आहे. तरी ये. त्यांना आत नेतील तेव्हा बाहेरच्या बाकावर तू माझ्या शेजारी हवी आहेस.